किनाऱ्यावरील हेलिकॉप्टरे : उड्डाणाआधीचा हिशोब

१७ जून २०२१ रोजी, पावसाळा ऐन भरात असताना, रायगड जिल्ह्यातील रेवदंडा बंदराजवळ 'एमव्ही मंगलम' हे मालवाहू जहाज बुडू लागले. जहाजावर १६ खलाशी होते. दिघी बंदरातून तटरक्षक दलाची 'सुभद्राकुमारी चौहान' ही गस्ती नौका निघाली आणि दमणच्या हवाई तळावरून दोन 'चेतक' हेलिकॉप्टरे आली. सोळाही जण वाचले. २०२४ च्या जुलै महिन्यात अलिबागच्या कुलाबा किल्ल्याजवळ 'जेएसडब्ल्यू रायगड' हे जहाज भरकटून अडकले, तेव्हाही १४ जणांना तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरनेच उचलून किनाऱ्यावर आणले. अशा बातम्यांत वैमानिकांचे कौशल्य आणि खलाशांचे धैर्य यांचा उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या सकाळी ते हेलिकॉप्टर उडण्याच्या स्थितीत कसे होते, त्याच्या गिअरबॉक्सची मुदत किती तास उरली होती, त्याचा बदली भाग कोणत्या भांडारातून आणि किती महिन्यांनी आला होता, हा प्रश्न कोणी विचारत नाही. लष्करी विमानांच्या व हेलिकॉप्टरांच्या देखभालीचा हा विषय आहे. तो रुक्ष आहे, किचकट आहे आणि अंदाजपत्रकाच्या आकड्यांत दडलेला आहे. तथापि समुद्रावरील माणसाचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो.

दमण ते रेवदंडा हे अंतर सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर आहे. 'चेतक'चा एकूण पल्ला सुमारे ५०० किलोमीटरचा. म्हणजे जाण्यायेण्यात ४०० किलोमीटर खर्ची पडले, तर बुडत्या जहाजावर घिरट्या घालत एकेक माणूस वर ओढण्यासाठी फारच थोडे इंधन हाती राहते. म्हणूनच अशा मोहिमेत एकाऐवजी दोन यंत्रे लागतात, जवळच्या तळावर यंत्र सज्ज असावे लागते आणि सज्ज म्हणजे कागदावर नव्हे, तर प्रत्यक्ष उडण्याजोगे असावे लागते. एखाद्या तळावर चार हेलिकॉप्टरे असून त्यांपैकी दोन सुट्या भागांची वाट पाहत उभी असतील, तर त्या तळाची शक्ती दोनचीच समजावी लागते.

नांदगावचा किनारा

१० मार्च २०१८ रोजी मुंबईहून गस्तीवर निघालेले तटरक्षक दलाचे एक 'चेतक' मुरूड तालुक्यातील नांदगावच्या समुद्रकिनाऱ्यावर आपत्कालीन स्थितीत उतरले. उतरताना यंत्राची मोठी हानी झाली. त्यावर चौघे होते. यंत्रातून बाहेर पडताना, अद्याप फिरत असलेल्या पात्याचा आघात सहवैमानिक असलेल्या सहायक कमांडंट पेनी चौधरी यांच्या डोक्याला झाला. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. परंतु २७ मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

एकट्या अपघातावरून देखभालीला दोष देणे न्याय्य नव्हे. यंत्रे नवी असली तरी अपघात होतात. मात्र 'चेतक' या यंत्राचे वय ध्यानात घेतल्याशिवाय या किनाऱ्यावरील हवाई गस्तीची चर्चा पुरी होत नाही. 'चेतक' म्हणजे फ्रान्सचे 'अलुएट-३'. त्याचे पहिले उड्डाण १९५९ साली झाले. हिंदुस्थान एरोनॉटिक्स अर्थात एचएएलने परवाना घेऊन १९६५ पासून बंगळुरूत त्याची जुळणी सुरू केली. एकच इंजिन, साधी रचना, दुरुस्तीस सोपे, अरुंद जागेत उतरणारे असे हे गुणी यंत्र तिन्ही सेनादलांनी अर्ध्या शतकाहून अधिक काळ वापरले. त्याचा धाकटा भाऊ 'चीता' हिमालयात रसद पोहोचवत राहिला. २०१५ साली लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन ही जुनी हेलिकॉप्टरे निवृत्त करावीत, अशी मागणी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्याकडे केली होती. समुद्रावर एकच इंजिन असणे म्हणजे ते बंद पडल्यास खाली पाणीच, हे वेगळे सांगायला नको.

नौदलासाठी 'चेतक'च्या जागी १११ नवी उपयुक्तता हेलिकॉप्टरे घेण्यास संरक्षण सामग्री खरेदी परिषदेने ऑक्टोबर २०१७ मध्ये मान्यता दिली. अपेक्षित खर्च २१,७३८ कोटी रुपये होता. त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत हा प्रस्ताव करारापर्यंत पोहोचला नाही. नवे यंत्र येत नाही, तोवर जुने उडवत राहावे लागते आणि जुने यंत्र जितके म्हातारे, तितकी त्याची देखभाल महाग. खरेदीतील दिरंगाईचे बिल अशा प्रकारे दुरुस्तीच्या खात्यावर चढत जाते.

खारे वारे आणि गोड पाणी

रायगडच्या किनाऱ्यावर ज्यांची घरे आहेत, त्यांना खाऱ्या हवेचा प्रताप ठाऊक आहे. खिडकीचे गज, पंख्याच्या पट्ट्या, दुचाकीची साखळी, काहीही तिच्या तडाख्यातून सुटत नाही. हेलिकॉप्टरची गत याहून बिकट. बुडत्या माणसाला वर घेताना ते लाटांपासून काही मीटरांवर स्थिर राहते, तेव्हा त्याच्याच पात्यांच्या वाऱ्याने उडालेले तुषार त्याच्या इंजिनात शिरतात. मीठ इंजिनाच्या पात्यांवर थर धरते आणि इंजिनाची शक्ती घटते. जुन्या बनावटीच्या हेलिकॉप्टरांत गिअरबॉक्सचे कवच वजन वाचविण्यासाठी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असे. हा धातू हलका खरा, परंतु खाऱ्या पाण्यापुढे फार नाजूक. शिवाय दोन वेगळे धातू जेथे एकमेकांना चिकटतात, तेथे खाऱ्या ओलाव्यामुळे विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि रिव्हेटच्या भोवती, सांध्याच्या आत, रंगाखाली गंज पसरतो. तो वरून दिसत नाही.

त्यामुळे समुद्रावरून परतलेले यंत्र गोड्या पाण्याने धुणे, इंजिनात पाणी सोडून ते सुकवणे, सांध्यांवर गंजरोधक लेप चढवणे ही कामे नित्याची असतात. यात काही थोर तंत्रज्ञान नाही. लागते ते गोडे पाणी, आच्छादित जागा, पुरेसे मनुष्यबळ आणि शिस्त. परंतु हँगर अपुरे असेल आणि यंत्र पावसात उघड्यावर राहत असेल, तर वर्षभरात होणारा गंज एका चातुर्मासात होतो. हँगर बांधणे हा भांडवली खर्च आहे. तो 'दाखवण्याजोगा' नसल्याने मागे पडतो. अंदाजपत्रकावर चर्चा करणाऱ्यांना लढाऊ विमानाची किंमत पाठ असते, हँगरच्या छपराची नसते.

किनाऱ्यावरील कोळी बांधवांची यापेक्षा सोयीची रीत आहे. आगोट जवळ आली की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, त्या झापांनी शाकारल्या जातात, फळ्यांच्या फटी बुजवल्या जातात, इंजिने उतरवून दुरुस्त होतात आणि नारळी पौर्णिमेनंतर ताजी झालेली होडी पुन्हा दर्यात जाते. देखभालीसाठी निसर्गानेच दिलेली ही दोन-अडीच महिन्यांची रजा आहे. बचावाच्या हेलिकॉप्टरला ती मिळत नाही. त्याची खरी गरज नेमकी पावसाळ्यातच असते.

अमात्यांचा सल्ला

देखभालीसाठी पैसा कोठून यावा, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्य यांनी लिहिलेल्या 'आज्ञापत्रा'त आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. कुलाबा किल्ल्यातून कान्होजी आंग्रे यांचे आरमार तेव्हा कोकण किनाऱ्यावर सत्ता गाजवीत होते. आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखाच्या उत्पन्नातून कायमची करून द्यावी, बंदरांच्या जकातीवर ती सोडू नये, असा अमात्यांचा आग्रह आहे. खर्च बंदरावर सोडला तर आरमारवाले व्यापाऱ्यांना उपद्रव देतील, बंदरे ओस पडतील आणि अखेर आरमारही बुडेल, हा त्यामागील विचार. पावसाळ्यात जहाजे कोठे ओढून ठेवावीत, त्यांच्या रक्षणाची व्यवस्था काय असावी, लाकूड तोडताना रयतेची आंब्या-फणसाची झाडे कशी राखावीत, याचाही तपशील त्यात आहे. लढाईच्या डावपेचांइतकेच महत्त्व त्यांनी डागडुजी, लाकूडफाटा आणि नेमलेल्या पैशाला दिले, हे आजच्या वाचकाला विशेष वाटेल.

आजच्या व्यवस्थेत अडचण नेमकी या 'नेमलेल्या पैशा'ची आहे. संरक्षण खर्चाचे ढोबळ दोन भाग पडतात. नवी विमाने, जहाजे, तोफा यांची खरेदी भांडवली खात्यातून होते. वेतन, इंधन, सुटे भाग, दुरुस्ती, दारूगोळा हे महसुली खात्यात येते. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. त्यात भांडवली खर्चाचे १ लाख ८० हजार कोटी आणि निवृत्तिवेतनाचे सुमारे १ लाख ६१ हजार कोटी रुपये होते. वेतन आणि निवृत्तिवेतन हा खर्च टाळता येत नाही. त्यामुळे हात आखडायची वेळ आली की कात्री सुट्या भागांना लागते.

तटरक्षक दलाचे आकडे या दृष्टीने बोलके आहेत. २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात या दलासाठी ७,६५१.८० कोटी रुपये होते; २०२५-२६ मध्ये ते ९,६७६.७० कोटी झाले. वाढ साडेसव्वीस टक्क्यांच्या आसपास. यांतील भांडवली तरतूद ३,५०० कोटींवरून ५,००० कोटींवर गेली, म्हणजे सुमारे ४३ टक्क्यांनी वाढली. उरलेली महसुली रक्कम ४,१५१.८० कोटींवरून ४,६७६.७० कोटी झाली. ही वाढ १३ टक्क्यांहून कमी आहे. या महसुली रकमेतूनच वेतनवाढ, इंधनाची दरवाढ आणि देखभाल भागवायची असते. नवी यंत्रे येणार हे स्वागतार्हच. पण प्रत्येक नवे यंत्र आपल्यासोबत पुढील ३० वर्षांचा दुरुस्ती-खर्च घेऊन येते आणि तो महसुली खात्यात उमटायला काही वर्षे लागतात.

दुसरी अडचण दिनदर्शिकेची. महसुली पैसा ३१ मार्चला संपतो. न खर्चलेला परत जातो. विमानाचा एखादा भाग मात्र मागणी नोंदवल्यापासून हाती येईपर्यंत एक-दोन वर्षे घेऊ शकतो. कारखाना परदेशात असेल, भाग थोड्याच संख्येने लागणार असेल, तर उत्पादक किमान संख्येची अट घालतो किंवा इतर ग्राहकांची मागणी साचेपर्यंत थांबवून ठेवतो. बारा महिन्यांच्या पैशाने चोवीस महिन्यांची खरेदी करायची, असा हा पेच आहे. पंधराव्या वित्त आयोगाने संरक्षण व अंतर्गत सुरक्षेसाठी व्यपगत न होणाऱ्या आधुनिकीकरण निधीची शिफारस केली होती. २०२१ ते २०२६ या काळासाठी त्याचा सूचित आकार सुमारे २ लाख ३८ हजार कोटी रुपयांचा होता. त्याचाही रोख नव्या सामग्रीकडे होता. सुट्या भागांसाठी तसा निधी असावा, अशी मागणी फारशी कोणी केल्याचे दिसत नाही.

दुरुस्तीच्या तीन पायऱ्या

लष्करी विमानाची देखभाल साधारणतः तीन पायऱ्यांवर चालते. पहिली पायरी तळावरची: उड्डाणापूर्वी व नंतरची तपासणी, तेल, टायर, किरकोळ बदल. दुसरी पायरी तळाच्या कार्यशाळेत: ठरावीक तासांनंतरची सर्व्हिसिंग, इंजिन उतरवणे, उपकरणांची चाचणी. तिसरी पायरी म्हणजे ओव्हरहॉल. येथे विमान सांगाड्यापर्यंत उघडले जाते, प्रत्येक भाग तपासला जातो, तडे शोधले जातात आणि ते पुन्हा उभे केले जाते. हवाईदलात ही जबाबदारी प्रामुख्याने अनुरक्षण कमानीकडे असून तिचे मुख्यालय नागपुरात आहे. नाशिकजवळ ओझर येथे ११ क्रमांकाचा तळ-दुरुस्ती कारखाना आहे. मिग-२९ विमानांचे ओव्हरहॉल तेथे होते आणि २०१८ साली या कारखान्याने पहिले सुखोई-३० ओव्हरहॉल करून हवाईदलाच्या हवाली केले. शेजारीच एचएएलचा कारखाना आहे. मिग-२१ च्या उत्पादनासाठी उभारलेल्या या कारखान्यात पुढे सुखोई बनले आणि त्यांच्या ओव्हरहॉलची साखळीही तेथेच उभी राहिली. नौदलाची विमान-दुरुस्ती आस्थापने कोची आणि गोवा येथे आहेत. मुंबईतील कुलाब्याचा 'शिक्रा' हा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ. पूर्वी तो 'कुंजाली-२' या नावाने ओळखला जाई, २००९ मध्ये त्याचे नामकरण झाले. रायगडच्या किनाऱ्याला सर्वांत जवळचा लष्करी हवाई तळ हाच.

प्रत्येक भागाला दोन आयुष्ये असतात, एक उड्डाणाच्या तासांचे आणि दुसरे वर्षांचे. यांपैकी जे आधी संपेल, तेव्हा तो भाग उतरवावा लागतो, मग तो दिसायला कितीही ठणठणीत असो. हे न समजल्यामुळे 'चांगला भाग फेकून नवा मागतात' असा आक्षेप लेखा विभागाकडून क्वचित येतो. बदली भाग भांडारात नसेल तर यंत्र जमिनीवर उभे राहते. अशा स्थितीला विमान-व्यवसायात 'एअरक्राफ्ट ऑन ग्राउंड' म्हणतात. मग नाइलाजाने दुसऱ्या उभ्या यंत्रातील भाग काढून पहिल्यास लावला जातो. एस.टी.च्या आगारात हा प्रकार वाचकांनी पाहिला असेल. यात तात्पुरते काम भागते; परंतु भाग दोनदा उतरवावा व दोनदा बसवावा लागतो, श्रम दुप्पट होतात, काढताना भाग बिघडण्याचा धोका वाढतो आणि ज्याचे भाग गेले ते यंत्र महिनोन्महिने उठत नाही.

महालेखापरीक्षकांच्या अहवालांत याचे चित्र अनेकदा उमटले आहे. सुखोई-३० विमानांपैकी ७५ टक्के सदैव सज्ज असावीत, असा दंडक असताना प्रत्यक्ष प्रमाण ५५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असल्याचे २०१५ च्या अहवालात नमूद होते. जुलै २०१६ मध्ये संसदेत आलेल्या अहवालाने नौदलाच्या मिग-२९के विमानांविषयी आणखी धक्कादायक नोंद केली. गोव्यातील 'हंसा' तळावरील या विमानांची सज्जता १५.९३ ते ३७.६३ टक्के आणि दोन आसनी प्रकाराची २१.३० ते ४७.१४ टक्के इतकीच होती. फेब्रुवारी २०१० पासून आलेल्या ६५ इंजिनांपैकी ४० इंजिने रचनेतील दोषांमुळे सेवेतून काढावी लागली होती. विमाने विकत घेतली होती, पैसे दिले होते, वैमानिकही तयार होते. उडण्याजोगी विमाने तेवढी नव्हती.

सुखोईच्या बाबतीत सुधारणा झाली, ती नव्या शोधाने नव्हे तर करारांनी. मार्च २०१७ मध्ये एचएएल आणि रशियन उत्पादक यांच्यात सुटे भाग व तांत्रिक साह्यासाठी पाच वर्षांचे दीर्घकालीन करार झाले. दरवेळी नवी निविदा, नवी किंमत-चर्चा आणि नवे पत्रव्यवहार यांतून सुटका झाली. २०२२ साली युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर मात्र रशियन पुरवठ्यावरील अवलंबित्व पुन्हा बोचू लागले.

'सी किंग'चा धडा

परकीय पुरवठादारावर विसंबण्याची किंमत नौदलाने त्याआधीच मोजली होती. 'सी किंग' ही पाणबुडीविरोधी हेलिकॉप्टरे ब्रिटनच्या वेस्टलँड कंपनीकडून घेतलेली. मुंबईच्या तळावर ती दीर्घकाळ तैनात होती. मे १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले. हेलिकॉप्टर ब्रिटिश असले तरी त्याची मूळ रचना व अनेक भाग अमेरिकी होते. त्यामुळे सुटे भाग अडले, दुरुस्तीस परदेशी गेलेले भाग तेथेच अडकून पडले आणि ताफ्याचा मोठा भाग जमिनीवर आला. लढाई न होता, गोळी न झाडता पश्चिम किनाऱ्याची पाणबुडीविरोधी क्षमता घटली.

या किनाऱ्याला असे दुबळेपण परवडणारे नाही. १९९३ च्या प्रारंभी दिघी आणि शेखाडी येथेच स्फोटके उतरवली गेली व १२ मार्चला मुंबई हादरली. २००८ च्या नोव्हेंबरात दहशतवादी समुद्रमार्गेच आले. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये प्रादेशिक सागराच्या सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलाकडे सोपवण्यात आली. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ एके-४७ रायफली असलेली 'लेडी हान' ही बेवारस नौका लागली. ओमानजवळच्या वादळात खलाशांनी सोडलेली ही नौका भरकटत आली, असे निष्पन्न झाले खरे; पण इतक्या लांबून येणारी नौका किनाऱ्याला लागेपर्यंत कोणाच्या नजरेस पडली नाही, ही बाब अस्वस्थ करणारी होती. न्हावा-शेवाचे बंदर, उरणचे तेल-वायू प्रकल्प, थळचा खत कारखाना हे सारे याच पट्ट्यात आहेत. हवाई गस्तीचा प्रत्येक रद्द झालेला फेरा येथे मोजायला हवा.

स्वदेशी यंत्र घेतले म्हणजे प्रश्न मिटतो, असेही नाही. एचएएलचे 'ध्रुव' हे दोन इंजिनांचे आधुनिक हेलिकॉप्टर. मार्च २०१७ च्या करारानुसार नौदल व तटरक्षक दलासाठी प्रत्येकी १६ 'ध्रुव' घेण्यात आली. या करारात कामगिरीशी बांधलेली देखभाल-व्यवस्था होती. ही कल्पना महत्त्वाची आहे. जुन्या पद्धतीत कंपनी सुटा भाग विकते आणि जितके भाग बिघडतात तितका तिचा व्यवसाय वाढतो. नव्या पद्धतीत ठरावीक प्रमाणात यंत्रे सज्ज ठेवण्याचे दायित्व कंपनी घेते आणि मोबदला त्या सज्जतेशी जोडला जातो. भांडार, अंदाज, वाहतूक ही डोकेदुखी तिची होते.

तथापि करार कितीही उत्तम असला तरी रचनेतील दोषापुढे तो हतबल ठरतो. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे एक 'ध्रुव' मुंबईजवळ समुद्रात उतरवावे लागले. तिघे कर्मचारी वाचले. सर्व 'ध्रुव' काही काळ थांबवण्यात आली आणि नियंत्रण-दांडे बदलून अधिक मजबूत पोलादी दांडे बसविण्याचे काम हाती घेतले गेले. २ सप्टेंबर २०२४ रोजी पोरबंदरजवळ रात्रीच्या बचावकार्यावर निघालेले तटरक्षक दलाचे 'ध्रुव' समुद्रात कोसळले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरच्याच धावपट्टीवर आणखी एक कोसळून तिघांचा मृत्यू झाला. या वेळी सुमारे ३३० यंत्रांचा सारा ताफा थांबला. लष्कर आणि हवाईदलाच्या यंत्रांना २०२५ च्या मे महिन्याच्या सुमारास परवानगी मिळाली. समुद्रावर उडणारी नौदल व तटरक्षक दलाची यंत्रे त्यानंतरही थांबून राहिली. साहजिकच किनाऱ्यावरील भार पुन्हा साठ वर्षांपूर्वीच्या रचनेच्या 'चेतक'वर पडला. एकाच प्रकारच्या यंत्रावर सारी मदार ठेवणे साठवणुकीच्या दृष्टीने सोपे असते, पण त्याच्यात दोष निघाला की सारा किनाराच उघडा पडतो.

करारातील बदल

अलीकडच्या दोन निर्णयांत या जुन्या दुखण्यावर काही उपाय दिसतो. 'सी किंग'च्या जागी अमेरिकेकडून घेतलेल्या २४ 'एमएच-६०आर' हेलिकॉप्टरांची पहिली तुकडी मार्च २०२४ मध्ये कोचीत नौदलात दाखल झाली. या हेलिकॉप्टरांच्या देखभालीसाठी भारताने २८ नोव्हेंबर २०२५ रोजी सुमारे ७,९९५ कोटी रुपयांचा पाच वर्षांचा करार केला. सुटे भाग, प्रशिक्षण, तांत्रिक साह्य यांच्यासह काही भागांच्या दुरुस्तीची सोय भारतात उभारणे त्यात अंतर्भूत आहे. गणित केले तर प्रत्येक हेलिकॉप्टरमागे वर्षाला सुमारे ६६ ते ६७ कोटी रुपये पडतात. आकडा मोठा वाटतो. परंतु आधुनिक हेलिकॉप्टर बाळगण्याची खरी किंमत ती हीच आणि ती आरंभीच मान्य करून पाच वर्षांसाठी बांधून टाकणे हे दरवर्षी मार्चमध्ये धावपळ करण्यापेक्षा शहाणपणाचे. १९९८ ची आठवण ज्यांना आहे, ते अमेरिकी पुरवठ्यावरील हे अवलंबित्व कपाळाला आठ्या घालून पाहतील आणि त्यांचेही चुकत नाही. दुरुस्तीची सोय किती लवकर भारतात उभी राहते, यावर त्या शंकेचे उत्तर अवलंबून आहे.

दुसरा निर्णय कार्यालयीन स्वरूपाचा, म्हणून दुर्लक्षित राहिला. महसुली खरेदीचे नियम ठरविणारी संरक्षण खरेदी नियमपुस्तिका २००९ पासून बदलली नव्हती. तिची नवी आवृत्ती १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. वर्षाला सुमारे एक लाख कोटी रुपयांची खरेदी तिच्या कक्षेत येते. तिच्यात दुरुस्तीच्या कामांसाठी १५ टक्के वाढीव कामाची तरतूद आधीच करण्याची मुभा आहे. सामान्य वाचकाला हे क्षुल्लक वाटेल. परंतु विमान किंवा जहाज उघडल्याशिवाय आत काय बिघडले आहे ते कळत नाही. दहा भागांच्या दुरुस्तीचा करार होतो, आवरण काढल्यावर अकरावा गंजलेला निघतो आणि त्या एका भागासाठी पुन्हा प्रस्ताव, पुन्हा मंजुरी, पुन्हा वित्तीय सल्लागारांची सही असा प्रवास सुरू होतो. तोवर यंत्र उघडे पडून असते. जुने घर दुरुस्तीस काढलेल्या कोणालाही ही स्थिती परिचयाची आहे. नव्या नियमांत देशी उत्पादकांना पाच वर्षांपर्यंत मागणीची हमी देण्याची सोयही आहे. थोड्या संख्येने लागणारा भाग बनविण्यासाठी साचे आणि यंत्रसामग्री उभारणाऱ्या लघुउद्योजकाला अशा हमीशिवाय धोका पत्करता येत नाही.

खासगी क्षेत्राचा सहभागही वाढत आहे. नौदलाच्या 'पी-८आय' या टेहळणी विमानांची मोठी तपासणी बोइंग आणि एअर वर्क्स यांनी तामिळनाडूतील होसूर येथे केली. विमान-दुरुस्तीवरील वस्तू व सेवा कर २०२० मध्ये १८ वरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला आणि जुलै २०२४ पासून आयात भागांवरही एकसमान ५ टक्के दर लागू झाला. ओझर आणि नागपूर येथे कुशल मनुष्यबळ व कारखाने असल्याने महाराष्ट्राला यात मोठा वाटा मिळू शकतो. समुद्रावर उडणाऱ्या हेलिकॉप्टरांसाठी मात्र दुरुस्तीची मुख्य ठिकाणे अद्याप राज्याबाहेरच आहेत. 'चेतक'चे ओव्हरहॉल एचएएलच्या पश्चिम बंगालमधील बराकपूर येथील कार्यशाळेत होते. कोकण किनाऱ्यावरून तेथे यंत्र पाठवून परत आणण्यात जाणारा काळ हाही सज्जतेतून वजा होतो. मार्च २०२४ मध्ये तटरक्षक दलासाठी मागविलेली नऊ 'ध्रुव' हेलिकॉप्टरे ताफ्यात येतील, तेव्हा त्यांच्यासाठी पश्चिम किनाऱ्यावर हँगर, भांडार आणि दुसऱ्या पायरीची कार्यशाळा पुरेशी असेल का, हे पुढील महसुली तरतुदींवर ठरणार आहे.